एक सरोवर, दोन रंग : पाण्यातून गेलेल्या एका रेल्वेमार्गाची गोष्ट



परिसर अभ्यासाच्या तासाला मी कधीकधी मुलांना उपग्रहातून घेतलेला एखादा फोटो दाखवते. नाव सांगायचं नाही, फक्त विचारायचं, "काय दिसतंय?" मागे एकदा असाच एक फोटो दाखवला. मोठं सरोवर, भोवती पांढरट-तपकिरी वाळवंट. गंमत अशी की सरोवराचा खालचा भाग निळा-हिरवा आणि वरचा भाग चक्क गुलाबी. आणि दोन्हींच्या मधे एकदम सरळ रेघ.

वर्गात गडबड सुरू झाली. कुणी म्हणालं, रंग चुकलाय. कुणी म्हणालं, दोन वेगळी तळी आहेत. आमची एक मुलगी फळ्याजवळ आली, रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, नदी, डोंगर, किनारा कधी एवढा सरळ नसतो. ही रेघ माणसाने ओढलीय."

अगदी बरोबर! ती रेघ म्हणजे रेल्वेमार्ग. हे सरोवर अमेरिकेतल्या युटा राज्यातलं 'ग्रेट सॉल्ट लेक', म्हणजे मोठं खारं सरोवर. या एका रेघेत इतिहास, भूगोल, विज्ञान आणि गणित असे चारही विषय बसतात. म्हणून आजचा लेख.

सरोवर खारं का झालं?

मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो. नद्या तर गोड्या पाण्याच्या, मग सरोवर खारं कसं?

ग्रेट सॉल्ट लेकला मुख्यतः तीन नद्या मिळतात. बेअर, वेबर आणि जॉर्डन. नद्या येतात, पण सरोवरातून बाहेर जाणारी एकही नदी नाही. पाण्याला तिथून जायची एकच वाट, ती म्हणजे वाफ होऊन वर. नदीचं पाणी आपल्याला गोडं लागलं तरी त्यात खडकांमधले क्षार अगदी थोडे विरघळलेले असतातच. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चालू आहे.

आमच्या मुलांना हे समजावायला फार लांब जावं लागलं नाही. ज्यांच्या घरी बोअरचं पाणी आहे, त्यांच्या पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो. तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. "सरोवर म्हणजे असंच एक भलं मोठं भांडं, जे कधी कुणी घासलंच नाही," असं म्हटल्यावर वर्गात हशा पिकला, पण मुद्दा डोक्यात बसला.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवायची. सरोवर पसरट आणि उथळ आहे. पाणी भरपूर असलं तरी सर्वांत खोल जागी खोली साधारण १० मीटरच. एवढ्या उथळ पाण्यातून रेल्वे न्यायचा विचार इंजिनियर लोकांच्या मनात आला, त्याचं हे एक कारण.

आधी वळसा, मग लाकडी पूल

१० मे १८६९ रोजी अमेरिकेच्या पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून बांधत आणलेले लोहमार्ग एकमेकांना जोडले गेले. ही जागा सरोवराच्या उत्तरेला, प्रॉमंटरी नावाच्या डोंगराळ भागात. तिथे सोन्याचा खिळा वापरून समारंभ झाला. पण समारंभ संपल्यावर रोजची गाडी चालवणाऱ्यांच्या वाट्याला आला तो चढ, उतार आणि वळणं. सरोवर आडवं आलं म्हणून मार्गाने उत्तरेकडून वळसा घेतला होता.

पुढे सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने ठरवलं की वळसा नको, सरळ सरोवरातूनच जाऊ. १९०२ मध्ये काम सुरू झालं आणि १९०४ मध्ये नव्या मार्गावरून गाड्या धावू लागल्या. या मार्गाचं नाव लुसिन कटऑफ. ऑग्डेन ते लुसिन हे अंतर सुमारे १६४ किलोमीटर. जुन्या मार्गापेक्षा जवळपास ७० किलोमीटर वाचले, आणि डोंगराचा चढही गेला.

काम मात्र सोपं नव्हतं. सरोवराचा तळ म्हणजे मऊ चिखल. दगडमातीचा भराव टाकावा आणि तो खचावा, पुन्हा टाकावा, पुन्हा खचावा, असं चाललं होतं. काठाजवळच्या भागात भराव झाला, पण मधल्या सुमारे १९ किलोमीटरमध्ये हजारो लाकडी खांब तळात ठोकून त्यावर पूल उभा केला.

इथे मी मुलांना थांबवते आणि विचारते, "पुलाखालून पाण्याचं काय झालं?" उत्तर लगेच येतं, "काही नाही, ते जातंय की खांबांमधून!" बरोबर. वरून गाडी जात होती आणि खालून पाणी इकडून तिकडे फिरत होतं. सरोवर तोपर्यंत एकच होतं. हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

पूल गेला, भराव आला

लाकडी पुलाने पन्नासएक वर्षं काम केलं. पण गाड्या जड होत गेल्या. लाकडाची देखभाल सतत करावी लागायची, आगीची भीती असायची, गाडी सावकाश न्यावी लागायची. म्हणून १९५० च्या दशकात पुलाला समांतर असा दगडमातीचा पक्का भराव बांधायला घेतला. १९५९ मध्ये गाड्या त्या भरावावरून जाऊ लागल्या.

रेल्वेच्या दृष्टीने काम उत्तम झालं. सरोवराच्या दृष्टीने मात्र दार बंद झालं. सुमारे २० किलोमीटरच्या त्या भरावात पाणी जाण्यासाठी दोन मोऱ्या ठेवल्या, प्रत्येकी साधारण साडेचार मीटर रुंद. म्हणजे दोन्ही मिळून ९ मीटर. दगडांच्या फटींतून थोडं पाणी झिरपायचं, तेवढंच.

हे आकडे मुलांना नुसते सांगून कळत नाहीत. आम्ही व्हरांड्यात गेलो. २० मीटर लांब दोरी आखली आणि ठरवलं की १ किलोमीटर म्हणजे १ मीटर. मग २० किलोमीटरचा भराव म्हणजे ही अख्खी दोरी. आणि ९ मीटरच्या मोऱ्या? ९ मिलिमीटर! म्हणजे करंगळीच्या रुंदीएवढं दार. एवढ्या लांब दोरीवर ते करंगळीएवढं अंतर खडूने दाखवलं तेव्हा मुलं गप्पच झाली. प्रमाणाचं गणित शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

मग दोन रंग कसे झाले?

आता नकाशा पुन्हा बघा. तिन्ही मोठ्या नद्यांचं पाणी भरावाच्या दक्षिणेकडे येतं. उत्तरेकडे मोठी नदी एकही नाही. उत्तरेला जे पाणी जातं ते दक्षिणेतून, म्हणजे आधीच खारं झालेलं. तिथे गेल्यावर त्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. पुन्हा खारं पाणी येतं, पुन्हा वाफ, पुन्हा मीठ. वर्षानुवर्षं उत्तरेकडचा भाग मिठागरासारखा झाला.

थोडी तुलना करू. १०० ग्रॅम समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन ग्रॅम क्षार असतात. दक्षिण भागात हे प्रमाण वर्षानुसार कमी-जास्त होतं, पण बऱ्याचदा १० ते १५ ग्रॅमच्या आसपास असतं. उत्तर भागात ते २६-२७ ग्रॅमच्या घरात. पाण्यात यापेक्षा जास्त मीठ विरघळतच नाही, ते तळाला बसायला लागतं. घरी ग्लासभर पाण्यात चमचा-चमचा मीठ टाकत जा. एका टप्प्यावर कितीही ढवळलं तरी मीठ तळाशी राहतं. उत्तर भाग जवळजवळ त्या टप्प्यावर आहे.

आता गुलाबी रंग. इतक्या खारट पाण्यात काही सूक्ष्मजीव मजेत राहतात, त्यांच्या शरीरात लाल-गुलाबी रंगद्रव्यं असतात. त्यांच्या जोडीला ड्युनालिएला नावाचं शेवाळ असतं. त्यात गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटीन तयार होतं. अब्जावधी सूक्ष्मजीव एकत्र आले की पाणी गुलाबी दिसतं.

आपल्याला हे नवीन नाही. जून २०२० मध्ये आपलं बुलढाण्यातलं लोणार सरोवर अचानक गुलाबी झालं होतं, आठवतं ना? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा तिथेही मीठप्रिय सूक्ष्मजीवच कारण निघाले. फरक एवढाच की लोणारचं पाणी काही काळ गुलाबी झालं, आणि युटातल्या सरोवराचा अर्धा भाग भरावामुळे कायमचा तसा झाला.

माझी चूक

इथे एक कबुली देते. पहिल्यांदा हा पाठ घेतला तेव्हा मी वर्गात बिनधास्त सांगून टाकलं होतं, "इतक्या खाऱ्या पाण्यात काहीच जगत नाही." नंतर वाचताना कळलं की हे साफ चूक आहे. पुढच्या तासाला मी मुलांना सांगितलं, "काल मॅडम चुकल्या."

सरोवरात मासे जवळजवळ नाहीत हे खरं. पण दक्षिण भागात आर्टेमिया नावाचा एक इवलासा जीव असतो, झिंग्याच्या लांबच्या नात्यातला, साधारण एक सेंटिमीटर लांबीचा. तसेच किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यातल्या माश्यांचे थवे असतात. लाखो स्थलांतरित पक्षी हे खाऊन पुढच्या प्रवासाची ताकद मिळवतात. आर्टेमियाची अंडी वाळलेल्या अवस्थेत खूप काळ टिकतात आणि पाण्यात टाकली की फुटतात. म्हणून ती गोळा करून जगभर विकली जातात. कोळंबीची पिल्लं वाढवणाऱ्या केंद्रांत ती पिल्लांचं खाद्य म्हणून वापरतात, आपल्या देशातही.

पण या जीवाला मीठ हवं असलं तरी त्यालाही मर्यादा आहे. उत्तरेकडच्या गुलाबी पाण्यात तो तग धरत नाही. म्हणजे भरावाच्या एका बाजूला पक्ष्यांचं भरलेलं ताट आणि दुसऱ्या बाजूला जवळपास रिकामं.

पाणी वाढलं, मग पाणी आटलं

१९८० च्या दशकात तिकडे सलग काही वर्षं भरपूर बर्फ आणि पाऊस झाला. नद्यांचं पाणी दक्षिण भागात येत राहिलं, करंगळीएवढ्या दारातून ते उत्तरेला जाणार किती? दक्षिणेची पातळी उत्तरेपेक्षा जवळपास एक मीटरने वर गेली. किनाऱ्यावरचे रस्ते, शेतं, रेल्वे सगळंच धोक्यात. शेवटी १९८४ मध्ये भराव मुद्दाम फोडून पश्चिम टोकाजवळ सुमारे ९० मीटरची वाट करून दिली. तरी पाणी वाढतच राहिलं, तेव्हा १९८७ मध्ये मोठे पंप लावून पाणी शेजारच्या वाळवंटात सोडावं लागलं.

पुढे उलटी परिस्थिती आली. शेतीसाठी आणि वाढत्या शहरांसाठी नद्यांचं पाणी वाटेतच उचललं जाऊ लागलं, त्यात दुष्काळाची भर. सरोवर आटत गेलं. जुन्या मोऱ्या खचून मोडकळीला आल्या होत्या, त्या २०१२-१३ मध्ये बंद कराव्या लागल्या. त्याऐवजी डिसेंबर २०१६ मध्ये भरावात सुमारे ५५ मीटर लांबीचा पूल करून नवं दार उघडलं. आमच्या दोरीवर हे दार साडेपाच सेंटिमीटरचं होतं.

या दारातून पाणी कसं जातं, हे ऐकण्यासारखं आहे. दक्षिणेचं पाणी कमी खारं म्हणून हलकं, ते वरच्या थरातून उत्तरेकडे जातं. उत्तरेचं पाणी जास्त खारं म्हणून जड, ते त्याच दारातून तळाशी सरकत दक्षिणेकडे येतं. एकाच दारातून एकाच वेळी दोन दिशांना वाहतूक!

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सरोवराची पातळी नोंदींमधली सर्वांत कमी झाली. दक्षिण भागही इतका खारट झाला की आर्टेमिया आणि माश्या तगतील की नाही अशी वेळ आली. तेव्हा काय केलं असेल? नव्या पुलाखाली पाण्यात दगडांचा एक बुटका बांध आहे. त्याची उंची आधी २०२२ मध्ये आणि मग २०२३ च्या सुरुवातीला वाढवली. तळातून येणारं उत्तरेचं जड, खारट पाणी अडलं. त्या हिवाळ्यात सुदैवाने बर्फही भरपूर पडला. दक्षिण भागात गोडं पाणी आलं, खारटपणा कमी झाला.

म्हणजे बघा, ज्या भिंतीने सरोवराची विभागणी केली, तीच भिंत आता अर्धं सरोवर वाचवायला कामी आली. पण उरलेल्या अर्ध्याचं काय? उत्तर भागात गनिसन नावाचं बेट आहे, तिथे पांढऱ्या पेलिकन पक्ष्यांची मोठी वसाहत असायची. पाणी आटल्यामुळे बेट किनाऱ्याला जोडलं गेलं आणि कोल्ह्यासारखे कायोटी चालत बेटावर पोचायला लागले. २०२३ मध्ये पेलिकनांनी तिथली घरटी सोडून दिली.

वर्गात करून बघा

साहित्य : पारदर्शक प्लॅस्टिकचा लांबट डबा, तेलकट क्ले, मीठ, खाण्याचा निळा आणि लाल रंग, पेन्सिल.

१. डब्याच्या मधोमध क्लेची भिंत करा. कडा नीट दाबून बसवा.

२. एका भांड्यात साधं पाणी घेऊन त्यात निळा रंग टाका. दुसऱ्या भांड्यात तेवढ्याच पाण्यात भरपूर मीठ विरघळवा आणि लाल रंग टाका.

३. दोन मुलांनी दोन्ही बाजूंना एकाच वेळी, सावकाश, सारख्या पातळीपर्यंत पाणी ओतायचं.

४. आता पेन्सिलने भिंतीला दोन भोकं पाडा. एक तळाजवळ, एक पाण्याच्या पातळीच्या थोडं खाली.

थोड्याच वेळात लाल पाणी तळाशी सरकत निळ्याकडे येतं आणि निळं पाणी वरून लालकडे जातं. मग खालचं भोक क्लेने बुजवा. लाल पाणी यायचं थांबतं. हाच पुलाखालचा बांध!

पहिल्या खेपेला आमची भिंतच कोसळली, कारण एका बाजूला आधी पाणी ओतलं होतं. मी जरा वैतागले, पण एक मुलगा ओरडला, "मॅडम, १९८४ झालं!" एका बाजूची पातळी वाढली की भिंतीवर किती जोर येतो, हे त्याला न सांगता कळलं होतं. तेव्हा तुमचीही भिंत पडली तर वाईट वाटून घेऊ नका.

मुलांना विचारायचे प्रश्न

- पूल आणि भराव यांत पाण्याच्या दृष्टीने काय फरक आहे?
- भराव बांधताना दार किती मोठं ठेवायचं, हे ठरवण्याआधी कोणाकोणाला विचारायला हवं होतं?
- अर्धं सरोवर वाचवण्यासाठी उरलेलं अर्धं सोडून द्यावं लागलं तर ते बरोबर का? तुम्ही काय केलं असतं?

तिसऱ्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नाही. मुलांना भांडू द्या. आमच्या वर्गात "दक्षिण वाचवा" आणि "पेलिकन वाचवा" असे दोन गट पडले. शेवटी एकीने दोन्ही गटांना गप्प केलं. ती म्हणाली, "नदीचं पाणी वाटेत कमी उचललं तर भांडायलाच नको ना?" मोठी माणसंही तिकडे हाच विचार करताहेत.

शेवटी आपल्या गावात

तास संपताना एक मुलगा उठला. एरवी तो फारसा बोलत नाही. म्हणाला, "मॅडम, आमच्या शेताजवळचा रस्ता उंच केला ना, तिथे पण एकच मोरी ठेवलीय, लहान. पावसाळ्यात पाणी आमच्याकडंच थांबतं. पलीकडच्या विहिरीला येत नाही. आजोबा म्हणतात, आधी तिथं नुसता फरशीपूल होता तेव्हा बरं होतं."

सातासमुद्रापलीकडचं सरोवर शिकवायचं ते यासाठी. त्या मुलाला 'भराव', 'मोरी', 'पातळी' हे शब्द आता फक्त वहीत लिहायचे राहिले नाहीत. ज्या गोष्टीची घरात रोज तक्रार ऐकतो, तिचं कारण त्याला सापडलं. पुढच्या आठवड्यात आम्ही वर्ग घेऊन ती मोरी बघायला गेलो. मुलांनी मोरीची रुंदी मोजली, भरावाची लांबी पावलांनी मोजली, आणि व्हरांड्यातलं तेच प्रमाणाचं गणित पुन्हा केलं.

पालकांना एक विनंती. येत्या पावसाळ्यात गावाला जाताना वाटेत कुठे रस्त्याचा किंवा रेल्वेचा भराव दिसला, तर मुलांसोबत दोन मिनिटं थांबा. अलीकडचं पाणी बघा, पलीकडचं पाणी बघा आणि मधली मोरी शोधा. बाकीचे प्रश्न मुलं स्वतःच विचारतील.